आधी यादी, मग ॲडव्हान्स

हजला जाता न येण्याची जुनी कारणं आपल्या घरांत सगळ्यांना पाठ आहेत. पैसे जमले नाहीत, तब्येतीने साथ दिली नाही, हज कमिटीच्या सोडतीत नंबर लागला नाही, ऐनवेळी घरात लग्न निघालं. २०२५ मध्ये या यादीत एका नव्या कारणाची भर पडली. पैसे जमलेले, पासपोर्ट दिलेला, तब्येत ठणठणीत, नियत पक्की, पण मुदत उलटून गेली. आणि ती मुदत हाजींनी चुकवलेली नव्हती.

आकडे पुन्हा एकदा समोर ठेवू. हज २०२५ साठी भारताचा कोटा होता १,७५,०२५. त्यातल्या १,२२,५१८ जागा भारतीय हज कमिटीकडे होत्या. उरलेल्या ५२,५०७ जागा खाजगी हज ग्रुप ऑर्गनायझर, म्हणजे आपण ज्यांना 'टूरवाले' म्हणतो त्यांच्याकडे. सौदी सरकारने ठरवलं की दोन हजारांपेक्षा कमी हाजी असलेल्या छोट्या कंपन्यांशी व्यवहार करायचा नाही. म्हणून आठशेहून जास्त टूरवाल्यांना एकत्र करून २६ 'कम्बाइन्ड' गट बनवले गेले. मीनामधले तंबू, राहण्याच्या जागा आणि बसगाड्या यांचे करार सौदीने दिलेल्या मुदतीत व्हायला हवे होते. ते झाले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये अल्पसंख्याक मंत्रालयाने जाहीर केलं की सौदीने पोर्टल पुन्हा उघडायला होकार दिला आहे, पण फक्त दहा हजार हाजींपुरता. म्हणजे सुमारे ४२ हजार माणसं घरी राहिली.

मंत्रालय म्हणालं, आम्ही कोटा वेळेत दिला होता, आठवण करून दिली होती, टूरवाल्यांनी मुदत पाळली नाही. टूरवाल्यांनी दुसरीकडे बोट दाखवलं. ओमर अब्दुल्ला, मेहबूबा मुफ्ती, स्टालिन यांनी आवाज उठवला. आठवडाभर बातम्या चालल्या, मग पुढची बातमी आली. पाकिस्तानातही त्याच वर्षी खाजगी कोट्यातले सुमारे ६७ हजार लोक याच पद्धतीने अडकले होते. त्यामुळे हा फक्त दिल्लीचा मुस्लिमद्वेष आहे, असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. हे कॅलेंडरचं अपयश आहे. मंत्रालय असो, टूरवाले असोत की आपण, त्या कॅलेंडरबद्दल कुणीच बोलत नाही.

म्हणून या लेखात एकच मागणी मांडायची आहे. ती इतकी साधी आहे की अजून का मान्य झाली नाही याचंच आश्चर्य वाटावं. हज किंवा उमराचं पॅकेज विकणाऱ्याची त्या मोसमाची नोंदणी आधी पक्की व्हावी, त्याचं नाव यादीत यावं, आणि त्यानंतरच त्याला आपल्याकडून पहिला रुपया घेता यावा. आज क्रम उलटा आहे. पैसे आधी, यादी नंतर.

यादी कधी येते?

२०२३ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी अरफाचा दिवस २७ जूनला होता. हज कमिटीची विमानं मे महिन्यातच उडायला लागली होती. आणि खाजगी टूरवाल्यांच्या कोट्याची एकत्रित यादी मंत्रालयाने काढली मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे हजच्या जेमतेम महिनाभर आधी. त्या यादीत काही कंपन्यांच्या नावापुढे शेरा होता: तक्रारीची चौकशी पूर्ण होईपर्यंत नोंदणी आणि कोटा स्थगित. या कंपन्यांनी हाजींकडून पैसे घेतले होते, तिकडे हॉटेलं धरली होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. जूनच्या सुरुवातीला न्यायालयाने त्या स्थगितीला अंतरिम स्थगिती दिली. कंपन्यांची चौकशी जरूर करा, पण त्यासाठी हाजींना अडकवू नका, असा त्या आदेशाचा रोख होता. हज हे संविधानाने संरक्षण दिलेलं धार्मिक आचरण आहे, याचीही न्यायालयाने आठवण करून दिली.

आदेश हाजींच्या बाजूचा होता, म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडला. पण नीट बघितलं तर त्यातून काय निघतं? तक्रारी असलेल्या कंपनीला आपण हजच्या तीन आठवडे आधी रोखू शकत नाही, कारण तोवर हाजी तिच्या ताब्यात गेलेले असतात. रोखलं तर हाजी बुडतो, नाही रोखलं तर तपासणीला काही अर्थ उरत नाही. उशिरा झालेली छाननी वाईट टूरवाल्याला शिक्षा करत नाही. ती त्याला ओलीस पुरवते. तीच छाननी सात महिने आधी झाली असती, तर स्थगितीचा फटका फक्त कंपनीला बसला असता आणि लोकांनी दुसरा टूरवाला निवडला असता.

या नोंदणीचा हेतू काय, हे सर्वोच्च न्यायालयाने कधीच सांगून ठेवलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०११ च्या एका आदेशावरून भारत सरकार विरुद्ध रफिक शेख भिकन हा खटला दिल्लीत गेला. हजचं अनुदान दहा वर्षांत बंद करा, असं सांगणारा मे २०१२ चा निकाल तो हाच. अनुदानाचा भाग सगळ्यांना आठवतो. टूरवाल्यांबद्दल त्याच निकालात जे आहे, ते फार कुणी सांगत नाही. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की टूरवाल्यांची नोंदणी आणि कोटा ही त्यांना धंदा मिळावा म्हणून केलेली सोय नव्हे. हाजीला त्रासाविना, छळाविना आपलं फर्ज अदा करता यावं, हा मुख्य हेतू आहे. टूरवाल्याचा नफा दुय्यम. पुढे एप्रिल २०१३ मध्ये याच खटल्यात २०१३ ते २०१७ अशा पाच वर्षांच्या धोरणाला न्यायालयाने मान्यता दिली.

हेतू हाजी असेल, तर तारखाही हाजीच्या सोयीने ठरायला हव्यात. त्या तशा ठरत नाहीत, याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण: दोन कॅलेंडरं

हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, ३६५ दिवसांचं. त्यामुळे हज दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१२ मध्ये अरफाचा दिवस ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होता. २०२५ मध्ये तो ५ जूनला आला. २०३० च्या सुमारास तो एप्रिलच्या मध्यापर्यंत येईल, आणि त्यानंतर दोन वर्षांत मार्चमध्ये शिरेल.

आता सरकारी कागदपत्रांकडे बघा. नोंदणीसाठी टूरवाल्याला लेखापरीक्षण केलेला ताळेबंद, उलाढाल, कर भरल्याचे पुरावे द्यावे लागतात. ही कागदपत्रं आर्थिक वर्षाला बांधलेली आहेत. सर्वसाधारणपणे टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर. हज ऑक्टोबरमध्ये होता तेव्हा हे चालून जात होतं, मध्ये भरपूर महिने मोकळे होते. आता हज मे-जूनमध्ये आला. सौदी सरकार मागचा हज संपला की लगेच पुढच्या हजची तयारी सुरू करतं. तंबूंची जागा, करार, आगाऊ रक्कम, सगळं महिनोन्‌महिने आधी. टूरवाल्याचा सीए सप्टेंबरमध्ये ताळेबंदावर सही करतो, तोवर तिकडे मीनातल्या चांगल्या जागा इतर देशांनी घेतलेल्या असतात. पुढची काही वर्षं हे अंतर आणखी घटणार आहे. हज मार्च-एप्रिलमध्ये आला की आर्थिक वर्षाची अखेर, बँकांची वर्षअखेर आणि हाजींची रवानगी एकाच पंधरवड्यात येतील. ही भविष्यवाणी नव्हे, साधी वजाबाकी आहे. चंद्राचं वेळापत्रक मंत्रालयालाही ठाऊक आहे.

यावर उपाय अवघड नाही. चालू वर्षाच्या ताळेबंदाची वाट बघू नका, उपलब्ध असलेला सगळ्यात अलीकडचा लेखापरीक्षित ताळेबंद घ्या. आणि मुदत '३१ अमुक महिना' अशी न ठेवता हजपासून उलटी मोजा. अरफाच्या दिवसाआधी नऊ महिने, यादी जाहीर. हज सरकेल तशी मुदतही आपोआप सरकेल. दरवर्षी नवं परिपत्रक, नवी धावपळ, नवी मुदतवाढ, काही लागणार नाही.

नऊ महिने हे अशक्य वाटत असेल तर हज कमिटीकडे बघा. २०२६ च्या हजसाठी कमिटीने जुलै २०२५ मध्ये अर्ज घेतले आणि ऑगस्टमध्ये सोडत काढली. म्हणजे मागच्या हजचे हाजी घरी परतून दोन महिनेही झाले नव्हते, आणि पुढच्या हजची नावं ठरली होती. तेच मंत्रालय, तेच सौदी पोर्टल, तोच हज. लाखाहून जास्त माणसांची सोडत सफर महिन्यात काढता येते, तर काहीशे कंपन्यांची यादी त्याच दिवशी का लावता येऊ नये?

दुसरं कारण: दोन वेगळी कामं एकाच गाठोड्यात

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. भारत-सौदी करार झाल्याशिवाय एकूण कोटा पक्का होत नाही. २०२५ च्या हजचा करार १३ जानेवारी २०२५ ला जेद्दामध्ये झाला. कोटाच ठरलेला नसताना टूरवाल्यांना जागा कशा वाटणार?

वाटू नका. पण 'ही कंपनी विश्वासार्ह आहे का' हा एक प्रश्न आहे आणि 'या वर्षी हिला किती जागा' हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जेद्दाच्या करारावर अवलंबून नाही. कंपनीचं कार्यालय आहे का, तिच्यावर तक्रारी आहेत का, मागच्या वर्षी तिने किती हाजी नेले आणि किती जणांना कबूल केल्यापेक्षा लांबच्या हॉटेलात टाकलं, हे सगळं मागचा हज संपल्याच्या दुसऱ्या महिन्यात तपासता येतं. किंबहुना तेव्हाच तपासावं, कारण परतलेल्या हाजींच्या तक्रारी ताज्या असतात.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हा फरक रोजचा आहे. माणूस कोण आहे हे तपासणं वेगळं आणि त्याला किती जागा द्यायची हे ठरवणं वेगळं. दोन्ही एकाच टप्प्यात कोंबली की एक अडलं की दुसरं अडतं. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राचंही तसंच. नव्वद दिवसांचं प्रमाणपत्र असेल तर तीस दिवस शिल्लक असतानाच नवं घ्या, असा सल्ला देणारेच देतात. शेवटच्या रात्रीपर्यंत थांबणाऱ्याची साइट कधीतरी बंद पडतेच. हाजीची साइट बंद पडली तर ती पुन्हा चालू होईलच याची खात्री नसते. सत्तरीतल्या माणसाला 'पुढच्या वर्षी बघू' सांगणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात आजी-आजोबा आहेत त्यांना सांगायला नको.

तेव्हा नोंदणी तीन किंवा पाच वर्षांची करा. २०१३ चं धोरण पाच वर्षांचंच होतं, यात क्रांतिकारक काही नाही. दरवर्षी फक्त छोटं नूतनीकरण: तक्रारी, थकबाकी, बँक हमी. ते सफर संपायच्या आत. आणि कोट्याचं वाटप करार झाल्यावर, यादीतल्याच कंपन्यांमध्ये, आधी जाहीर केलेल्या सूत्राने. ज्याला कोटा कमी मिळेल, त्याच्याकडे नाव नोंदवलेल्यांना पूर्ण रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हेही आधीच लिहिलेलं असावं.

दुसऱ्यांकडे कसं चालतं

ब्रिटनमध्ये विमानप्रवासासह पॅकेज सहल विकणाऱ्या कंपनीला नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचा 'एटॉल' नावाचा परवाना लागतो. हज-उमराचं पॅकेज विकणारेही यातून सुटत नाहीत. हे परवाने वर्षातून दोनच ठरलेल्या तारखांना संपतात, ३१ मार्च आणि ३० सप्टेंबर. प्रत्येक कंपनी यापैकी एका तारखेला बांधलेली. नूतनीकरणाआधी तिची आर्थिक तपासणी होते. ग्राहक कंपनीचा क्रमांक टाकून परवाना जिवंत आहे का ते बघू शकतो. शिवाय प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत जातात. कंपनी बुडाली तर त्यातून पैसे परत मिळतात, किंवा परदेशात अडकलेल्यांना घरी आणलं जातं.

ही पद्धत जादूची नाही. २०१६ च्या सप्टेंबरअखेर 'मोनार्क' या मोठ्या कंपनीच्या परवान्याला बारा दिवसांची मुदतवाढ द्यावी लागली होती. त्या वर्षी ती वाचली. २०१७ मध्ये पुन्हा ३० सप्टेंबर आला, चोवीस तासांची वाढ मिळाली, आणि २ ऑक्टोबरला कंपनी बंद पडली. पण तारीख ठरलेली होती, म्हणून प्राधिकरण तयारीत होतं. परदेशात असलेल्या सुमारे एक लाख दहा हजार प्रवाशांना परत आणलं गेलं. तारखेमुळे कंपनी वाचली नाही, माणसं वाचली. आपल्याकडे २०२५ मध्ये नेमकं उलटं झालं. कंपन्या आहेत, माणसं राहिली.

लांब कशाला, शेजारच्या गोव्यात बघा. तिथे १९८२ पासून पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. ट्रॅव्हल एजंटला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात गुमास्ता आणि जीएसटी नंबर काढला की कुणीही 'टूर्स अँड ट्रॅव्हल्स'चा बोर्ड लावू शकतो. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची मान्यता आहे, पण ती ऐच्छिक.

आणि हा प्रश्न काही आजचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईहून जहाजं जेद्दाला जात. दलाल आणि जहाजमालक खोट्या तारखा सांगून तिकिटं विकत. बंगालपासून बुखाऱ्यापर्यंतचे लोक मुंबईच्या मुसाफिरखान्यांत जहाजाची वाट बघत पडून राहत आणि शिदोरी संपवत. ब्रिटिश सरकारने १८८६ मध्ये हे काम थॉमस कुक कंपनीला देऊन पाहिलं. काही वर्षांतच, १८९३ मध्ये, ती व्यवस्था गुंडाळली गेली. तेव्हाही लोकांचा साधा प्रश्न होता: जहाज खरंच कधी सुटणार? आज जहाजाच्या जागी पोर्टल आलं, एवढाच फरक.

सोलापूरचं काय?

सोलापुरात हा विषय हजपेक्षा उमराचा जास्त आहे. नई जिंदगी, बेगम पेठ, विजापूर वेस, कुठेही जा, रमजानच्या आधी पोस्टर लागतात. यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाला, विड्या वळणाऱ्या बाईला हज आवाक्यात वाटत नाही, म्हणून ती उमरासाठी पैसे जमवते. भिशीतून, दागिना मोडून, मुलाच्या पगारातून. आणि नेमकं इथेच संरक्षण सगळ्यात कमी आहे. उमरा विकण्यासाठी हजसारखी केंद्र सरकारची नोंदणी लागतच नाही. म्हणजे नूतनीकरण वेळेत होतं का हा प्रश्न विचारायलाही जागा नाही, कारण नूतनीकरण करायला काही नाहीच.

त्यातून आपण ज्याच्या हातात पैसे देतो, तो बऱ्याचदा उप-एजंट असतो. तो पैसे हैदराबाद, मुंबई किंवा पुण्याच्या कंपनीकडे पाठवतो. पोस्टरवर नाव त्याचं, व्हिसा दुसऱ्याचा, तिकिटं तिसऱ्याची. घोटाळा झाला की तिघेही एकमेकांचे नंबर देतात.

इथे थोडं कडू बोलावं लागेल. या धंद्याला आपण स्वतः परवाना देऊन ठेवला आहे. कागदाचा नव्हे, भरवशाचा. 'आपलाच माणूस आहे', 'पाच वक्ताचा नमाजी आहे', 'अमुक मौलाना ग्रुपबरोबर जाणार आहेत'. पोस्टरवर मौलानांचं नाव मोठं आणि कंपनीचा नोंदणी क्रमांक कुठेच नाही. जो इतके गिऱ्हाईक आणेल त्याला एक सीट मोफत, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. मग मोहल्ल्यात ज्याच्या शब्दावर लोक पैसे भरतात, त्याचा स्वतःचा उमरा त्या पैशातून होतोय, हे त्याने लोकांना सांगायला नको का? सांगितलं तर त्यात गैर काही नाही. लपवलं तर ती दलाली आहे आणि तिला दीनचं आवरण घातलेलं आहे.

'पावती मागितली तर समोरच्याला वाईट वाटेल' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. सूरह बकरहची २८२ वी आयत कुरआनातली सगळ्यात लांब आयत आहे. तिचा विषय काय? मुदतीचे आर्थिक व्यवहार लिहून ठेवणं, साक्षीदार ठेवणं. रक्कम छोटी असो की मोठी, मुदतीसह लिहायला कंटाळू नका, असा तिचा आशय आहे. म्हणजे कागद मागणं हा अविश्वास नाही, ती ताकीद आहे. जो टूरवाला पावतीचं नाव काढताच 'भरोसा नाही का?' म्हणतो, त्याला ही आयत दाखवा.

प्रामाणिक टूरवाल्यांचं नुकसान होईल, हाही आक्षेप येतो. उलट आहे. आज वेळेत करार करणारा, पैसे वेगळ्या खात्यात ठेवणारा टूरवाला आणि पोस्टर लावून गल्ला गोळा करणारा टूरवाला गिऱ्हाइकाला सारखेच दिसतात, आणि दुसरा नेहमी पाच हजार स्वस्त असतो. यादी वेळेवर आली तर पहिल्यालाच फायदा आहे.

मागण्या

एक. हजसाठी नोंदणीकृत टूरवाल्यांची यादी अरफाच्या नऊ महिने आधी, हज कमिटीच्या सोडतीच्या दिवशीच जाहीर व्हावी. मराठीसह प्रादेशिक भाषांत, जिल्हानिहाय, उप-एजंटांच्या नावांसकट.

दोन. यादीत नाव येण्याआधी ॲडव्हान्स घेणं आणि पासपोर्ट ठेवून घेणं हा नोंदणी रद्द करण्याचा गुन्हा मानावा.

तीन. हाजीचे पैसे कंपनीच्या चालू खात्यात नकोत, वेगळ्या राखीव खात्यात हवेत. करार झाल्याचा पुरावा दिल्यावर टप्प्याटप्प्याने सोडावेत.

चार. महाराष्ट्र सरकारने उमरासह सर्व पॅकेज सहली विकणाऱ्यांसाठी नोंदणी कायदा करावा. चारधाम आणि काशीयात्रेची पॅकेजं विकणाऱ्यांसाठीही. फसवला जाणारा यात्रेकरू कुठल्या धर्माचा आहे, याने फसवणूक बदलत नाही. ही मागणी फक्त मुसलमानांची राहिली तर ती कधीच पूर्ण होणार नाही.

तुम्ही काय करू शकता

तुमच्या घरात किंवा शेजारी यंदा कुणी निघत असेल, तर त्यांच्या वतीने चार गोष्टी तपासा. हज असेल तर कंपनीचं नाव मंत्रालयाच्या यादीत त्या वर्षासाठी आहे का, फक्त मागच्या वर्षासाठी नव्हे. पैसे रोख न देता बँकेतून, कंपनीच्याच नावाने द्या. पावतीवर प्रवासाची तारीख, हॉटेलचं नाव, आणि रद्द झाल्यास परताव्याची मुदत लिहून घ्या. आणि उप-एजंट असेल तर मूळ कंपनीचं पत्र मागा.

फसवणूक झालीच तर 'अल्लाह बघून घेईल' म्हणून गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की हैदराबादची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. सोलापुरातच जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आणि एक काम या महिन्यात सगळ्यांनी मिळून करू. दहा रुपये शुल्कात ऑनलाइन माहिती अधिकार अर्ज होतो, उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. अल्पसंख्याक मंत्रालयाला मागच्या पाच हजबद्दल चारच तारखा विचारायच्या: टूरवाल्यांकडून अर्ज कधी मागवले, नोंदणीची यादी कधी लावली, कोटा कधी वाटला, आणि सौदीची करारांची शेवटची मुदत कोणती होती. पाच वर्षं, चार तारखा, वीस आकडे. ते एका तक्त्यात मांडले की चूक कुणाची यावर वाद घालत बसावं लागणार नाही. सोलापूर, लातूर, मालेगाव, मिरज, जिथे असाल तिथून अर्ज टाका आणि आलेली उत्तरं या मासिकाकडे पाठवा. वीस आकडे हातात आले की खासदारांच्या दारात जाताना आपल्याकडे गाऱ्हाणं नसेल, तक्ता असेल.